मामाचे शांत पंखे

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. त्या दिवशी सकाळी तर तो नाकावरून उतरून थेट जिभेवर आला होता. बाई भूगोलाच्या चौथ्या धड्याच्या शेवटच्या पानावर होत्या. ज्वालामुखी आता फुटणार, एवढ्यात आमचा कॉम्प्युटर फट्कन बंद पडला. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. पडदा काळा, खोली गप्प आणि बाई पुस्तकावर बोट ठेवून तशाच बसलेल्या.

"गेलं का गं सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं नाही. अर्धा ज्वालामुखी गेला," मी म्हणाले आणि टेबलावर हात आपटला.

आमचं काम असं: अंध मुलांच्या शाळेसाठी पाठ्यपुस्तकं आवाजात उतरवायची. बाई वाचतात, मी रेकॉर्डिंग करते. बाई म्हणजे सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिका. आवाज असा की नुसती नद्यांची नावं वाचली तरी मुलं गप्प बसतील. खोली एकच, दहा बाय दहाची, भिंतींना करडा स्पंज चिकटवलेला. मायक्रोफोन, बाईंची खुर्ची, मी आणि कॉम्प्युटर असे सगळे त्याच खोलीत, कारण दाराबाहेर थेट जिना आहे. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. बाकीची पुस्तकं मुलांच्या कानात पडली होती, भूगोल तेवढा राहिला होता. शाळेतून रोज फोन येत होता आणि मी रोज "उद्या" म्हणत होते.

मी मामाला फोन लावला. मामीने उचलला. मामाचा फोन मामीच उचलते, ही त्यांच्या घरची रीतच आहे असं मी समजत होते.

"पाठवते त्यांना," मामी म्हणाली. "आणि त्यांच्याशी जरा समोर उभी राहून बोल हं."

हे ती नेहमीच म्हणायची. माणसाशी समोर उभं राहूनच बोलतात, यात सांगण्यासारखं काय आहे, असं मला प्रत्येक वेळी वाटायचं.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. एकतीस वर्षं सूतगिरणीत होता. सूत काढणाऱ्यांत नव्हे, हवा सांभाळणाऱ्यांत. गिरणीत कापसाचे तंतू सतत उडत असतात. ते यंत्रात गेले तर यंत्र बसतं आणि छातीत गेले तर माणूस. म्हणून छतात मोठाले पंखे, भिंतींना जाळ्या, बाहेरची हवा आत, आतली हवा बाहेर, आणि हे सगळं मामाच्या ताब्यात. निवृत्त झाला तेव्हा तीन महिने तो घरात नुसत्या येरझाऱ्या घालत होता. मामी म्हणायची, फरशी झिजेल. मग एक दिवस घरातला कॉम्प्युटर तापला म्हणून त्याने बाजूचा पत्रा काढला आणि आत बघून ओरडला, "अगं, इथे तर आख्खी गिरणी आहे!" जाळी, पंखे, धूळ, मधोमध तापणारा तुकडा, हवेला आत यायची वाट, बाहेर जायची वाट. त्या दिवसापासून मामा परत माणसात आला.

आता गल्लीतले सगळे त्याला पंखेमामा म्हणतात. त्याचे नियम ठरलेले. लोक त्या उभ्या खोक्याला सीपीयू म्हणतात, ते त्याला अजिबात खपत नाही. "सीपीयू आतला तो नखाएवढा तुकडा. हा नुसता डबा. उद्या स्वयंपाकघराला पोळी म्हणाल!" डबा जमिनीवर ठेवायचा नाही, वीतभर उंच ठेवायचा. भिंतीला पाठ टेकवायची नाही. थंड हवा पुढून खालून आत, गरम हवा मागून वरून बाहेर. दर तीन महिन्यांनी साफसफाई, आणि साफसफाई झाली की डब्याच्या पाठीवर तारखेची चिठ्ठी. कॉम्प्युटरच्या बाकी दुखण्यांशी त्याला देणंघेणं नाही. कुणी म्हणालं, मामा, व्हायरस आलाय, की तो हात झटकतो: "मी हवेचा माणूस. ताप असेल तर बोला."

आणि त्याचा कान! त्याच्याकडे लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर आहे, गिरणीतला. त्याचं टोक पंख्याच्या चौकटीला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडावर दाबायची आणि डोळे मिटायचे. असं म्हणतात की गिरणीत चाळीस पंखे घरघरत असताना तो खालून चालत जायचा आणि बोट दाखवून सांगायचा, तो तिसरा आठवडाभर टिकेल, तो कोपऱ्यातला आजच जाईल. आणि जायचाच. आमच्या सगळ्या नात्यात तिखट कानाचा म्हणून तो प्रसिद्ध. मी सात-आठ वर्षांची असताना त्याने तो स्क्रू ड्रायव्हर माझ्या कानामागे लावला होता. टेबलफॅनच्या पोटात कोणीतरी वाळू चाळतंय असं मला ऐकू आलं. "हे कोरडं पडलंय," मामा म्हणाला. "तेल मागतंय." त्याने तेलाचे दोन थेंब टाकले आणि वाळू थांबली. आज मी आवाजाच्या धंद्यात आहे ती त्या दोन थेंबांमुळे, असं मी कुणालाही सांगते.

तसा तो तंद्रीत असायचा. दाराची बेल वाजली तरी उठायचा नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून मामी बाहेर गेली होती आणि परत आली तेव्हा कुकर कोळसा झाला होता. मामा शेजारीच पंख्याची पाती पुसत बसलेला. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. मीही हसले होते. हे लक्षात असू द्या.

तर मामा आला. समोरच्या जाळीवर हात फिरवला आणि त्याचा चेहरा बघता बघता बदलला.

"हे काय आहे?"

आता मला सांगणं भाग होतं. डब्याचे पंखे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येत होते, म्हणून भिंतीला लावून उरलेला स्पंज मी दोन महिन्यांपूर्वी डब्याच्या पुढच्या जाळीवर चिकटवला होता. नीट, कडेला टेप लावून. मागे एक जुनं ब्लँकेट टाकलं होतं आणि डबा भिंतीला टेकवला होता. आवाज इतका कमी झाला की मी स्वतःचीच पाठ थोपटली होती.

मामाने स्पंज ओढला. त्यामागे धुळीची अशी जाड गादी निघाली की बाई खुर्चीतून उठल्या. ती एकसंध निघाली, कडेपासून कडेपर्यंत, करडी, मऊ, वर जाळीची नक्षी उमटलेली. मामाने ती दोन बोटांत धरून माझ्या नाकासमोर नाचवली.

"माणसाच्या तोंडावर उशी दाबायची आणि म्हणायचं, बघा, घोरणं थांबलं!"

"मामा, मला काय माहीत..."

"तुला माहीत नाही? तू माझ्या मांडीवर बसून पंखे ऐकलेस आणि तुला माहीत नाही? चौऱ्याण्णव अंश!" मी कॉम्प्युटर परत चालू करून ठेवला होता आणि पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा त्याला दिसला होता. "चौऱ्याण्णव! अगं, तो बंद पडतोय ते उपकार समज. जळायच्या आधी स्वतःच दिवा मालवतोय बिचारा. त्याच्या जागी मी असतो तर तुला शिव्या दिल्या असत्या."

"देतोच आहेस की," मी म्हणाले. पण मला खरंच धक्का बसला होता. आवाजापायी मी माझ्याच कामाचा गळा दाबत होते, तेही दोन महिने, आणि दोष मशीनला देत होते.

मग मामाने बाह्या वर केल्या. डबा जिन्यात नेला, कारण धूळ खोलीत नको. एका हाताने ब्लोअर, दुसऱ्या हाताचं बोट पात्यावर. "पंखा मोकळा सोडून हवा मारली तर तो वेड्यासारखा गरगरतो, आणि त्यात बेअरिंग जातं," हे त्याने बाईंना सांगितलं आणि बाईंनी वर्गात पहिल्यांदा आलेल्या मुलीसारखी मान डोलावली. तापणाऱ्या तुकड्यावरची, उष्णता ओढून घेणारी पण आता वाळून खडू झालेली पेस्ट पुसली, नवी लावली, वाटाण्याएवढी. हवेच्या वाटेत लोंबणाऱ्या वायरी बाजूला बांधल्या. पुढचा एक पंखा मेलेलाच होता. त्याच्या जागी लावायला मामाने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पंखा काढला.

"हा तुझ्यासाठी राखून ठेवला होता. माझ्याकडचा सगळ्यात शांत. काल रात्री स्वतः तेल दिलंय."

त्याने तो हळूच बसवला. डबा परत आत आणला, दोन विटांवर ठेवला, भिंतीपासून हातभर पुढे. चालू केला. पातळ कागदाची पट्टी पुढच्या जाळीसमोर धरली, ती जाळीला जाऊन चिकटली. मागे धरली, तिथे ती फडफडली. आकडा सावकाश चढला: चाळीस, पन्नास, एकसष्ट, आणि तिथेच थांबला. मामाने स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक नव्या पंख्याच्या चौकटीला टेकवलं, मूठ कानामागे दाबली, डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी लहानपणापासून ओळखते.

"ऐक," तो म्हणाला. "काही नाही."

आणि पंखा किंचाळत होता.

बारीक, उंच, न थांबणारा आवाज, ताटावर काटा ओढावा तसा. माझे दात आंबले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे बघितलं. मला वाटलं मामा चेष्टा करतोय. स्पंजाबद्दल मला धडा शिकवतोय.

"मामा, पुरे आता," मी म्हणाले.

"काय पुरे?"

"बंद कर तो. डोकं उठलं."

"काय बंद करू?"

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत निव्वळ प्रश्न होता.   मी इतकी मूर्ख की खात्री करून घ्यायला निघाले. मामाच्या मागे जाऊन मी कॉम्प्युटरवरून एक बारीक शिट्टी लावली, रेकॉर्डिंगच्या तपासणीसाठी असते तशी. मोठी केली. आणखी मोठी केली. बाईंनी दोन्ही कानांवर हात दाबले. मामा शांतपणे फडक्याने स्क्रू ड्रायव्हर पुसत होता.

मग त्याने बाईंना बघितलं. कानांवर हात ठेवलेल्या बाईंना. आणि तो थांबला.

"काय वाजतंय?" त्याने विचारलं.

 मी शिट्टी बंद केली. पंख्याची चालूच होती.

"मामा," मी समोर जाऊन उभी राहिले. मामी का सांगायची ते तेव्हा डोक्यात शिरलं. "तुला हा आवाज येत नाही?"

"कुठला?"

"पंख्याचा. उंच आहे. खूप उंच."

त्याने परत स्क्रू ड्रायव्हर लावला, जोरात दाबला, इतका की हाडावर लाल वळ उठला. घरघर ऐकू येते, म्हणाला. पात्यांची हवा ऐकू येते. बाकी काही नाही. मग तो खुर्चीत बसला. मला वाटलं होतं तो चिडेल, मला आणि बाईंना खोटं पाडेल. पण तो यंत्रांचा माणूस. पुरावा समोर आला की तो वाद घालत नाही, आणि तेच बघवत नव्हतं.

"गिरणीत सांगायचे," तो म्हणाला. "आधी वरचे आवाज जातात. खालचे राहतात. बोलणं बरंचसं कळतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. कापसाचे बोळे दिले होते कानात घालायला. मी घालायचो नाही. पंखे ऐकायला नकोत का?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर माझ्या टेबलावर ठेवला, मूठ माझ्याकडे करून.

"हा तुला ठेव. उद्यापासून बंद. कान गेलेला माणूस पंख्याला हात लावतो म्हणजे काय, फसवणूकच की."

मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. "बंद काय बंद! आणि माझा भूगोल?" असं मी काहीतरी ओरडले. बाईंनी मला डोळ्यांनी गप्प केलं. मग त्या मामाच्या समोर येऊन, वर्गात फळ्यापाशी बोलतात तसं सावकाश म्हणाल्या, "मला चष्म्याशिवाय एक अक्षर दिसत नाही. तरी वाचते ना मी?"

मामा हसला नाही. पण त्यामुळे मला सुचलं. मी मायक्रोफोन डब्याजवळ ओढला आणि पडद्यावर आवाजाचं चित्र उघडलं. डावीकडे खालचे आवाज, उजवीकडे उंच. डावीकडे लहान टेकड्या, घरघरीच्या. आणि पार उजवीकडे एकटाच उभा एक सुळका, सुईसारखा.

"हा तो," मी बोट ठेवलं.

मामा वाकला. बराच वेळ बघत राहिला. आपल्याला ऐकू न येणारा आवाज तो आयुष्यात पहिल्यांदा बघत होता. मग त्याने, मला न विचारता, बोट पुढे करून नव्या पंख्याच्या मधल्या गोलावर हलकेच टेकवलं. पंखा थांबला. पडद्यावरचा सुळका खाली बसला. बोट काढलं, सुळका उभा. परत टेकवलं, परत खाली.

"हाच," मामा पुटपुटला. "माझा सगळ्यात शांत पंखा."

त्याने पंखा काढला, पाठीची चिकटपट्टी सोलली, बेअरिंग बघितलं, खरखरीत झालं होतं. पिशवीतून दुसरा काढला, तो लावून पडदा बघितला. तिसरा लावला. चौथा लावला तेव्हा उजवीकडे सपाट पठार झालं. मी आणि बाईंनी एकदमच श्वास सोडला. मामाने तोही पडद्यावर बघितला, एक बारीक लाट, आणि विचारलं, "हे काय?" आम्ही सांगितलं.

त्या दुपारी बाईंनी ज्वालामुखी पुरा फोडला, मग भूकंप केला, मग दोन महासागर. आकडा बासष्टच्या वर गेला नाही. मामा घरी गेला नाही. कोपऱ्यात स्टुलावर बसून तो पडद्यावर बाईंचं वाचन बघत होता. मध्येच त्याने खुणेने विचारलं, शब्दांच्या मध्ये उजवीकडे हे तुषार कसले उडतात?

"स आणि श," वाचन थांबल्यावर मी सांगितलं.

"मला तर ते कळतात."

"तू ओठ बघून ओळखतोस, मामा. ऐकत नाहीस."

त्याने स्टूल पडद्याच्या आणखी जवळ ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तो माझ्या दारात हजर. हातात पिशवी आणि एक यादी. गेल्या वर्षभरात ज्यांचे ज्यांचे डबे साफ केले, पंखे बदलले, त्या सगळ्यांची. "तुझ्या मोबाइलवर ते चित्र येतं का? मग चल."

"पण तू तर बंद म्हणालास."

"बंदच. पण आधी केलेली घाण उपसायला नको?"

पहिला औषधांच्या दुकानाचा मालक. आम्ही आत पाय ठेवला आणि माझ्या कानात तीच किंचाळी घुसली. औषधांच्या बरण्यांमागे, गिऱ्हाइकांच्या बोलण्याच्या वरून, दिवसभर, सात महिने. मी मोबाइल धरला. सुळका पडद्याच्या छताला टेकला. मामाने औषधवाल्याकडे बघितलं.

"तुम्हाला ऐकू येतं का हे?"

औषधवाला मान खाली घालून गोळ्यांच्या पट्ट्या सारख्या करायला लागला. "मामा, डबा थंड आहे ना. एकदाही बंद पडला नाही. आवाजाचं काय एवढं..."

"सात महिने ऐकताय?"

"तुम्ही तो दांडा कानाला लावून म्हणालात, ऐका, काही नाही. तेव्हा तुमचा चेहरा... आता कसं सांगणार, तुम्हीच बोला. मी म्हटलं, हो मामा, अगदी शांत."

 दुसरा फोटोवाला. त्याने तर टेबलावर एक रेडिओ आणून ठेवला होता आणि तो मोठ्याने लावायचा, पंख्याचा आवाज दाबायला. रेडिओ बंद केला तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला. फोटोवाला म्हणाला, सवय झाली हो, आता रेडिओ नसला तर करमत नाही. तिसरा, चौथा, पाचवा, तीच कथा. कुणी कानात बोळे घातले होते, कुणी डबा शेजारच्या खोलीत हलवला होता. आख्खी गल्ली वर्षभर किंचाळत होती आणि आख्ख्या गल्लीने मिळून ठरवल्यासारखं मामाला सांगितलं होतं की शांत आहे. त्यांनी आपापसांत एका शब्दानेही ठरवलं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं, फक्त आपलाच तेवढा वाजतो.

मला एकेकाला धरून हलवावंसं वाटत होतं. आणि मग स्वतःलाही. कुकर जळला तेव्हा मीच सगळ्यात मोठ्याने हसले होते. आवाजावर पोट भरणारी मी, दर महिन्याला त्याच्या घरी जेवणारी मी, आणि मला काही ऐकू आलं नव्हतं.

मामा प्रत्येक ठिकाणी पंखा बदलत होता. आधी तो पात्याजवळ बोटाचं टोक धरायचा, मग मोबाइलचं चित्र बघायचा. तिसऱ्या दुकानापासून त्याच्या बोटालाच कळायला लागलं. मोबाइल वर करायच्या आधी तो सांगायचा, "हा आहे. मुंग्या येतात." आणि सुळका असायचाच. पण चेहरा मात्र घराघरागणिक काळा पडत चालला होता. आठव्या ठिकाणाहून निघालो तेव्हा तो रस्त्याच्या कडेला थांबला.

"कान गेला त्याचं मला काही नाही," तो म्हणाला.  "वय झालं, गिरणी झाली, जाणारच होता. पण ह्यांनी मला येडा बनवला. सगळ्यांनी. मी दारोदार जाऊन 'ऐका, काही नाही' म्हणत फिरलो आणि हे माना डोलावत राहिले. एकानं, एकानं तरी माझ्या तोंडावर सांगायचं होतं! यापुढे मी कुणाच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ? नाही. हे संपलं. घरचा डबा तेवढा बघतो आणि पिशवी माळ्यावर टाकतो."

मी समजूत घालायला गेले तर त्याने ऐकलं नाही. म्हणजे तोंड फिरवलं, म्हणून ऐकलं नाही.

मी त्याच्याबरोबर घरी गेले, तर त्यांच्या जिन्यातच मला तो आवाज आला. गल्लीतल्या सगळ्या पंख्यांपेक्षा उंच. बेलला हात लावायच्या आधी मामीने दार उघडलं. पावलं ओळखून ती आधीच दाराशी येते, ही आणखी एक गोष्ट मी प्रेमाखाती जमा केली होती. मी रात्री जेवायला यायची तेव्हा नेहमी बंद असणारा पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर आज चालू होता, पडद्यावर मामीचा पत्त्यांचा डाव अर्धवट. ती रोज दुपारी तिथे बसून खेळते. त्या आवाजाच्या हातभर अंतरावर.

मामा चपला न काढता तिथे गेला. बोट पात्याजवळ धरलं आणि झटका बसल्यासारखं मागे घेतलं. माझ्या हातातला मोबाइल घेतला, बघितला, मामीसमोर धरला.

"किती दिवस?"

मामीने माझ्याकडे बघितलं. सगळं तिच्या लक्षात आलं. "दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं! आणि तू रोज इथे बसतेस?"

"बसते."

"ते बाहेरचे परके. त्यांना माझी लाज राखायची होती, मला दुखवायचं नव्हतं, मी समजू शकतो. पण तू? तू माझ्याशी खोटं वागलीस? दोन वर्षं? एकदा सांगायला काय झालं होतं तुला?"

मी मामाला इतकं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. मामी काही घाबरली नाही. तिने पत्त्यांचा डाव बंद केला, खुर्ची सरकवली, आणि उठून अगदी त्याच्या समोर येऊन उभी राहिली, उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. सावकाश, एकेक शब्द. "तीनदा सांगितलं. एकदा स्वयंपाकघरातून. एकदा इथे, तुमच्या पाठीमागे उभी राहून. तिसऱ्यांदा तर ओरडून सांगितलं. तुम्ही मागे वळून हसलात आणि म्हणालात, बघ, कसा शांत चालतो."

खोलीत फक्त पंखा होता. तो मला आणि मामीला ऐकू येत होता.

मामा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचा राग कुठे गेला ते त्यालाही कळलं नसावं. आपण दोन वर्षं कुणाकुणाला काय काय उत्तरं दिली असतील, हे तो आठवत असावा. मोबाइल त्याच्या हातात तसाच होता, सुळक्यासकट.

"मग ओळखलं मी," मामी म्हणाली. "मग नाही सांगितलं."

 मामाने मोबाइल मला परत दिला.

"आता परत सांग," तो मामीला म्हणाला.

"काय?"

"तेच. चौथ्यांदा."

मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने टिपलं, हनुवटी वर केली आणि नीट ओठ हलवत म्हणाली, "अहो, तुमचा पंखा ओरडतोय."

"बरं," मामा म्हणाला. खाली बसला, पिशवी पुढे ओढली आणि डब्याच्या बाजूच्या पत्र्याचे स्क्रू काढायला लागला.